सोलापुरात बी.कॉम. करताना जर्मन शिकावी की जपानी, आणि पदवीबरोबर ते झेपते का?

पूर्वभागातली

नमस्कार. मी सोलापुरात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचे घर पूर्व भागात असून वडिलांचे आठ यंत्रमाग आहेत. त्यांवर विणलेले टेरी टॉवेल मुंबईच्या एका व्यापाऱ्यामार्फत परदेशी जातात. घरात आम्ही तेलुगू बोलतो, माझी शाळा मराठी माध्यमाची होती, शेजारी कन्नड आहेत आणि कारखान्यात दिवसभर हिंदी, उर्दू, मराठी असे सगळेच कानावर पडते. इंग्रजी मला वाचता येते, परंतु बोलताना मी अडखळते.

गेल्या दिवाळीच्या सुमारास एका ऑर्डरसाठी नमुना म्हणून आलेला टॉवेल मी कारखान्याच्या ऑफिसात पाहिला. त्याच्या कडेला शिवलेल्या लेबलवर शंभर टक्क्यांच्या आकड्यापुढे एक लांब जर्मन शब्द होता. मोबाइलवर शोधल्यावर कळले की तो शब्द 'बाउमवोले' आहे आणि त्याचा अर्थ कापूस. शब्दाची फोड केली तर मात्र 'झाडाची लोकर' असा अर्थ निघतो. ज्या सुतावर आमच्या घराच्या तीन पिढ्या जगल्या, त्याच्याकडे कोणी असेही पाहिले असेल, हे मला कधी सुचले नव्हते. तेव्हापासून परदेशी भाषा शिकण्याचे मनाने घेतले आहे. वर्गातल्या एका मैत्रिणीचा भाऊ पुण्यात जपानी शिकून चांगल्या नोकरीला लागला असल्यामुळे ती मला जपानीचा आग्रह करते.

माझे कॉलेज सकाळी साडेसातला सुरू होऊन बाराच्या सुमारास सुटते, दुपारी मी कारखान्याचे हिशेब लिहिते आणि संध्याकाळी दीड ते दोन तास मोकळे मिळतात. एवढ्या वेळात पदवीचे नुकसान न होता एखादी भाषा उपयोगी पडण्याइतकी येऊ शकते का, आणि माझ्यासारखीने कोणती निवडावी, हे मला अनुभवी लोकांकडून समजून घ्यायचे आहे. वडिलांचा विरोध नाही. मात्र 'आधी इंग्रजी नीट कर, मग पुढचे बघू' असे ते म्हणतात आणि त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे खोडताही येत नाही.

नव्या पेठेतली निवृत्त शिक्षिका

तुझा प्रश्न वाचून फार आनंद झाला. वयाने मी तुझ्या आजीच्या जागी आहे, म्हणून एकेरीत लिहिते. माझे बालपण सोलापुरात नव्या पेठेत गेले आणि पुढे पुण्यात मी सव्वीस वर्षे जर्मन शिकवली. त्यामुळे जपानीबद्दल इतरांनी सांगावे, मी मला ठाऊक आहे तेवढेच सांगते.

जर्मनचे नाव काढले की पहिली भीती घातली जाते ती लिंगांची. नामापुढे 'डेर', 'डी' किंवा 'दास' यांपैकी एक उपपद लावावे लागते आणि ते प्रत्येक नामासोबत पाठ करावे लागते, हे खरे आहे. परंतु ही भीती ज्यांच्या भाषेत लिंगभेद नाही किंवा दोनच लिंगे आहेत त्यांच्याकडून आपल्याकडे आलेली आहे. मराठीत तीन लिंगे आहेत आणि 'तो दगड, ती वाट, ते झाड' हे आपल्याला कोणी नियमाने शिकवलेले नसते. आणखी एक गंमत सांगते. जर्मनमध्ये नामाला 'शन' हा लघुत्वाचा प्रत्यय लागला की ते नाम नपुंसकलिंगी होते, म्हणून मुलीसाठी असलेला 'मेटशन' हा शब्दही नपुंसकलिंगीच आहे. वर्गात यावर नेहमी हशा पिकायचा. मग मी विचारायचे, की आपण 'ते लेकरू', 'ते कोकरू', 'ते वासरू', 'ते पाखरू' म्हणतो तेव्हा काय करतो? लहान, कोवळे ते नपुंसकलिंगी, ही जाणीव आपल्या भाषेतही आहे. एवढे बोलल्यावर वर्गाला तो नियम पुन्हा सांगावा लागत नसे.

विभक्तीचेही असेच आहे. जर्मनमध्ये चार विभक्ती आहेत आणि त्या साधारणपणे आपल्या प्रथमा, द्वितीया, चतुर्थी आणि षष्ठीशी जुळतात. फरक एवढाच की आपण नामाचे सामान्यरूप करून त्याला प्रत्यय जोडतो, तर तेथे बदल मुख्यतः उपपदात होतो. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते, ही इंग्रजीतून जर्मनकडे जाणाऱ्याला छळणारी गोष्ट, आपल्याला जन्मापासून अंगवळणी पडलेली आहे. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की व्याकरण इंग्रजीतून समजून घेऊ नकोस. पुस्तक इंग्रजीत असले तरी वहीत मराठीतून किंवा तेलुगूतून टिपण काढ.

आता वेळेचे बोलू. युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या मानल्या आहेत: ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन आणि सी-टू. रोज दीड तास नियमाने देणारे माझे विद्यार्थी वर्षभरात ए-टू पूर्ण करत आणि पुढच्या वर्षात बी-वनच्या परीक्षेला बसू शकत. बी-वन म्हणजे प्रवासात, ओळखीत आणि साध्या कामात आपले आपण निभावता येणे. त्याखालच्या पायऱ्यांवर 'जर्मन येते' असे अर्जात लिहू नये, कारण समोरचा दोन प्रश्नांत ते ओळखतो. तू पदवीच्या शेवटापर्यंत ए-टू आणि त्यानंतरच्या वर्षात बी-वन असे ठरवलेस तर अभ्यासावर ताण येणार नाही.

तुझ्या घरच्या धंद्याच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात ठेव. जर्मनीत फ्रँकफर्टला दर जानेवारीत हाइमटेक्स्टिल नावाचे घरगुती वस्त्रांचे मोठे प्रदर्शन भरते आणि भारतातील अनेक निर्यातदार तेथे जातात. तेथील व्यवहार इंग्रजीत होतो, हेही प्रामाणिकपणे सांगते. भाषेचा उपयोग पुढे होतो. लेबल, तक्रारीचे पत्र, धुण्याच्या सूचना हे सगळे स्वतः वाचता आले की मधल्या माणसाच्या सांगण्यावर अवलंबून राहावे लागत नाही.

मंगळवेढेकर

मी मूळचा मंगळवेढ्याचा. सोलापुरात अभियांत्रिकी केले आणि सध्या पुण्यात एका कंपनीत जपानी सहकाऱ्यांबरोबर काम करतो. तिसऱ्या वर्षाला असताना जपानी सुरू केली आणि आतापर्यंत एन-थ्री, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेची पाचांपैकी मधली पायरी, उत्तीर्ण झालो आहे. शिक्षिकाबाईंनी जर्मनबद्दल जे सांगितले, त्याहून अधिक जवळीक मला जपानीत दिसली, म्हणून लिहितो.

जपानी वाक्याचा क्रम आणि मराठी वाक्याचा क्रम जवळजवळ एकच आहे. 'वाताशि वा सोरापुरु नि सुन्दे इमासु' म्हणजे 'मी सोलापुरात राहते'. यातील 'नि' हा आपल्या 'ला' किंवा 'त' या प्रत्ययांचे काम करतो आणि तो आपल्यासारखाच शब्दाच्या मागे लागतो. 'नो' म्हणजे आपला चा-ची-चे. 'वाताशि नो चिचि नो मिसे' म्हणजे 'माझ्या वडिलांचे दुकान', शब्दाला शब्द. लिंग नाही, वचनाप्रमाणे क्रियापद बदलत नाही. आणि वर्णमाला पाहिलीत तर आश्चर्य वाटेल: अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अध्ययनातून तेथे रुजला, म्हणून तो आपल्या बाराखडीच्या ओळखीचा वाटतो. मूळची ४६ हिरागाना अक्षरे मी दोन आठवड्यांत लिहायला शिकलो.

तुम्ही घरी तेलुगू बोलता, त्याचाही येथे फायदा आहे. माझा वसतिगृहातला सोबती तुमच्याच भागातला होता आणि आमच्यापेक्षा त्याचे उच्चार लवकर बसले. तेलुगूत बाहेरून आलेल्या शब्दाला शेवटी स्वर जोडतात, जपानीतही तसेच करतात. बसला तुम्ही 'बस्सु' म्हणता, ते 'बासु' म्हणतात. टॉवेलला ते 'ताओरु' म्हणतात. शिवाय टॉवेल मोजण्यासाठी त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे. कागद, सदरा, चादर, टॉवेल अशा पातळ, सपाट वस्तू 'माइ' लावून मोजतात: 'इचिमाइ', 'निमाइ', 'सानमाइ'. आपण माणसांना 'जण' आणि मालाला 'नग' म्हणतो, त्यातलाच हा प्रकार आहे.

खरी चढण आहे ती कांजीची, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या चिन्हांची. वर्तमानपत्र सहज वाचायचे तर अशी सुमारे दोन हजार चिन्हे यावी लागतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था जपानीसाठी सुमारे २२०० तासिका धरते. तो आकडा वाचून घाबरू नका, कारण तो इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी आहे. व्याकरणात तुमचा पुष्कळ वेळ वाचेल, मात्र लिपीत काहीही वाचणार नाही. तुम्हाला आवडेल असे एक चिन्ह सांगतो. कापसाचे जे कांजी आहे, त्याच्या डाव्या बाजूला 'धागा' या अर्थाची खूण असते, उजवीकडे वर 'पांढरा' आणि त्याखाली 'कापड'. धागा, पांढरा, कापड, एवढे एकत्र लिहिले की कापूस झाला. विणणे, रेषा, कागद या शब्दांच्या चिन्हांतही तीच धाग्याची खूण येते.

परीक्षेबद्दलही सांगून ठेवतो. जेएलपीटी ही परीक्षा जुलै आणि डिसेंबर महिन्यांतल्या पहिल्या रविवारी होते आणि पुण्यात तिचे केंद्र आहे. पहिल्या पायरीला, म्हणजे एन-फाइव्हला, १८० पैकी ८० गुण लागतात, पण शब्द-व्याकरण-वाचन आणि श्रवण या दोन्ही भागांत स्वतंत्रपणे किमान गुण मिळवावे लागतात. माझा एक मित्र एकूण गुणांत पास होऊनही केवळ ऐकण्यात कमी पडल्यामुळे राहिला. या परीक्षेत बोलण्याची चाचणी नाही, त्यामुळे प्रमाणपत्र हाती असूनही तोंडातून वाक्य न निघणारे अनेक जण भेटतात. परीक्षेसाठी सोलापूरहून जाताना शनिवारीच पुणे गाठा. मी पहिल्या वेळी रात्रीच्या गाडीने बसून गेलो आणि श्रवणाच्या पेपरला डोळे उघडे ठेवणे कठीण झाले होते.

जुना सोलापूरकर

वडील म्हणतात त्यात तथ्य आहे, असे मला वाटते. बी.कॉम.नंतर सोलापुरात किंवा पुण्यात पहिली नोकरी मिळते ती इंग्रजीवर आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर. माझ्या मुलाने दोन वर्षांपूर्वी जर्मनचा क्लास लावला होता. त्या क्लासने दोन पायऱ्यांचे पूर्ण शुल्क आधीच भरून घेतले, तीन महिन्यांनी शिक्षक बदलले, नवीन शिक्षक स्वतः ए-टूच्या पुढे गेलेले नव्हते आणि पुढे बॅचच बंद झाली. पैसे परत मिळाले नाहीत. त्याची हौस गेली ती गेलीच. तेव्हा भाषा कोणतीही निवडा, पण एका वेळी एकाच पायरीचे शुल्क भरा आणि शिकवणाऱ्याने स्वतः कोणती परीक्षा कधी दिली आहे, हे तोंडावर विचारा. चांगल्या शिक्षकाला त्याचा राग येत नाही.

पूर्वभागातली

सर्वांचे मनापासून आभार. धागा, पांढरा, कापड हे वाचून मी ते चिन्ह शोधून वहीत वीस वेळा गिरवले आणि आईलाही दाखवले. काकांनी सांगितलेला अनुभव वाईट वाटण्यासारखा आहे, तो मी लक्षात ठेवीन. माझा प्रश्न मात्र तेथेच अडतो. इंग्रजी कच्चे असताना आणखी एक भाषा घेतली तर दोन्ही अर्धवट राहतील का? शिवाय चांगला शिक्षक सोलापुरात मिळाला नाही तर ऑनलाइन शिकणे पुरते का?

नव्या पेठेतली निवृत्त शिक्षिका

इंग्रजी पूर्ण करून मग दुसरी भाषा, असा क्रम लावला तर ती दुसरी भाषा कधीच येत नाही, कारण इंग्रजी 'पूर्ण झाले' असे वाटण्याचा दिवस उजाडत नाही. इंग्रजी कच्चे असलेले कितीतरी विद्यार्थी मी पाहिले आहेत. जर्मनमध्ये पहिल्या दिवसापासून सगळे एकाच रेषेवर असतात, तेथे कोणाचे इंग्रजी माध्यम कोणाच्या पुढे जात नाही, आणि तेथे चुकत चुकत बोलण्याची लाज गेली की तीच मुले इंग्रजीही मोकळेपणाने बोलू लागतात. तुझी अडचण इंग्रजीच्या ज्ञानाची नसून बोलण्याच्या संकोचाची आहे, असे तुझ्या लिहिण्यावरून मला वाटते. तरीही वडिलांचा मान राखून रोज अर्धा तास इंग्रजी मोठ्याने वाचत जा.

आपल्याच गावचे उदाहरण आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तेव्हा त्यांचे वय तिशीच्या आत होते आणि चिनी भाषेची तयारी नव्हती. युद्ध चालू असताना, जखमींवर उपचार करता करता ते ती भाषा शिकले, तिच्यातूनच रुग्णांशी आणि विद्यार्थ्यांशी बोलू लागले आणि १९४२ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांना क्लास मिळाला नव्हता, पण रोज त्या भाषेची गरज पडत होती. घरी बसून ऑनलाइन शिकणाऱ्याजवळ नेमकी ही गरज नसते, ती आपण मुद्दाम तयार करावी लागते.

म्हणून ऑनलाइन पुरते का, याचे उत्तर असे. समजण्यासाठी पुरते, बोलण्यासाठी पुरत नाही. केंद्र सरकारच्या 'स्वयं' या व्यासपीठावर आयआयटीच्या प्राध्यापकांनी घेतलेले जर्मन आणि जपानीचे सुरुवातीचे अभ्यासक्रम आहेत. ते विनामूल्य पाहता येतात आणि परीक्षा द्यायची असेल तरच शुल्क भरावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे 'स्वयं'वरचे श्रेयांक पदवीत धरता येतात, परंतु तुझे महाविद्यालय तुझ्या अभ्यासक्रमात ते कसे धरते, हे नाव नोंदवण्यापूर्वी कार्यालयात जाऊन लेखी विचार. पुण्याला मॅक्स म्युलर भवनात जर्मनच्या परीक्षा होतात. त्यांच्याच वर्गात शिकलेले असले पाहिजे अशी अट नाही, बाहेरून तयारी करूनही बसता येते. पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे. पदवीनंतर एक वर्ष पुण्यात राहणे शक्य झाले तर तेथील अर्धवेळ अभ्यासक्रमांचा विचार कर.

बोलण्यासाठी एक जोडीदार शोध. दोघींनी आठवड्यातून तीन वेळा वीस मिनिटे फोनवर फक्त जर्मनमध्ये बोलायचे, शब्द सुचला नाही तर हातवारे करता येणार नाहीत, म्हणून फोनवरच. पहिले दोन महिने हे बोलणे 'आज मी काय खाल्ले' याच्या पुढे जात नाही. जाऊ नये.

बार्शीची परिचारिका

मी बार्शीची असून गेली काही वर्षे जर्मनीत एका रुग्णालयात परिचारिका आहे. आमच्या क्षेत्रात मान्यतेसाठी साधारणपणे बी-टू पायरी लागते आणि ती मी नोकरी करत अडीच वर्षांत गाठली. येथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका वृद्ध रुग्णाने मला काहीतरी तीनदा सांगितले आणि तिन्ही वेळा मला ते कळले नाही, कारण ते त्यांच्या बोलीत बोलत होते. शेवटी त्यांनी खिडकीकडे बोट दाखवले. त्यांना पडदा ओढून हवा होता. परीक्षेतील श्रवणाच्या ध्वनिफिती स्वच्छ असतात, माणसे तशी बोलत नाहीत. तुम्ही तर चार भाषांच्या गोंगाटात वाढला आहात, त्यामुळे अर्धे ऐकून उरलेले जुळवून घेण्याची सवय तुम्हाला आधीच असणार. सुरुवातीपासून बातम्या, मुलाखती, लहान मुलांचे कार्यक्रम असे जे मिळेल ते कानावर पडू द्या, कळत नसले तरी.

मंगळवेढेकर

एक राहिले. दोन्ही भाषा एकदम सुरू करू नका. मी जपानीबरोबर सहा महिने फ्रेंच करून पाहिली, आणि 'माझे दुकान' म्हणताना एका भाषेचा 'माझे' दुसरीच्या 'दुकाना'ला लागू लागला. तुमचे मन लेबलवरच्या शब्दाने ओढले गेले आहे, तेव्हा मी जपानीचा माणूस असूनही म्हणेन की जर्मनच घ्या. ज्या भाषेतला एक शब्द आपल्याला सहा महिने विसरता आलेला नाही, तिच्यात पुढचा शब्द पाठ करायला कमी कष्ट पडतात. कांजी हौसेने गिरवत राहा, त्याला परीक्षा लावू नका.

पूर्वभागातली

मी जर्मन सुरू केली आहे. महाविद्यालयाच्या कार्यालयात अर्ज दिला असून 'स्वयं'च्या श्रेयांकांबद्दल पुढच्या आठवड्यात सांगतो, असे त्यांनी म्हटले आहे. अशोक चौकाजवळ राहणारी एक मुलगी जोडीदार म्हणून मिळाली. तिला नर्सिंगला जायचे आहे, त्यामुळे बार्शीच्या ताईंचे लिहिणे मी तिलाही वाचून दाखवले. वडिलांना मी सांगितले की रोजचे हिशेब पूर्ण केल्याशिवाय वही उघडणार नाही. ते काही बोलले नाहीत, पण काल रात्री त्यांनी मागाला जर्मनमध्ये काय म्हणतात, असे विचारले. मी शब्दकोशात पाहून त्यांना 'वेबश्टूल' सांगितले आणि हे वाक्य तयार केले: 'माइन फाटर हाट आख्ट वेबश्ट्यूले.' माझ्या वडिलांचे आठ माग आहेत, असे मला म्हणायचे आहे. मॅडम, हे बरोबर आहे का?

नव्या पेठेतली निवृत्त शिक्षिका

वाक्याची रचना अचूक आहे आणि अनेकवचनही बरोबर केले आहेस. शब्द मात्र बदल. 'वेबश्टूल' म्हटले की आज तेथील माणसाच्या डोळ्यांसमोर बहुधा हातमाग येईल. कारखान्यातल्या आजच्या यंत्रमागाला 'वेबमाशीने' म्हणतात. 'श्टूल' पुल्लिंगी आहे, 'माशीने' स्त्रीलिंगी आहे, म्हणून वहीत 'डी वेबमाशीने' असे उपपदासह लिही. अनेकवचन 'वेबमाशीनन'. वडिलांना सांगताना 'माइन फाटर हाट आख्ट वेबमाशीनन' असे सांग, आणि 'आख्ट'मधला 'ख' घशातून काढ, उर्दूतल्या 'खबर'मध्ये असतो तसा. तो तुला कारखान्यात रोज ऐकायला मिळतो.